ते सेसना नाही, पुष्पक आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात आतल्या पानावर एक फोटो होता. जुनं छोटं विमान, मागे बाभळी, पंखाखाली सावलीला झोपलेलं कुत्रं, आणि खाली ओळ 'पुण्यात धूळ खात पडलेलं सेसना विमान'. मी चष्मा पुसून परत बघितलं, मग नातवाच्या मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघितला, कारण एवढी मोठी चूक आपल्या पेपरात होईल असं वाटेना. पण चूकच आहे. ते सेसना नाही, ते पुष्पक आहे, आपल्या एचएएलने बनवलेलं, आणि मी उमेदीची सहा वर्षं त्याच विमानाच्या अंगाखांद्यावर काढलीत म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबेल, पण कृपा करून छापा.

ओळखलं कसं ते आधी सांगतो. विमान शेपटीवर बसलंय, नाक वर आणि शेपटीखाली छोटं चाक. आपल्याकडे क्लबांमधे जी सेसना सगळ्यांनी पाहिलीय, १५० किंवा १५२, तिला नाकाखाली चाक असतं आणि ती जमिनीवर सपाट उभी राहते. शेपटीवर बसणारी जुनी सेसनाही होती, १४०, १७० वगैरे, पण त्यांचं अंग पत्र्याचं. तुमच्या फोटोत दाराच्या मागे अंगाचं कापड फाटून लोंबतंय आणि आतले वेल्डिंग केलेले स्टीलचे पाइप चक्क दिसतायत. पंखाखालचे दोन दांडे खाली एकत्र येतात, इंग्रजी व्ही सारखे. कापडाचं अंग, पाइपचा सांगाडा, वरती पंख, आत दोन सीट शेजारी शेजारी. आपल्या देशात असं विमान सापडलं तर दहात नऊ वेळा ते पुष्पकच असणार.

आता अडचण अशी की पुष्पक म्हटलं की लोक सरळ रामायणात जातात. मोबाईलवर शोधायला गेलं तरी रावण आणि कुबेर येतो, एचएएल येतच नाही. आणि ज्यांना थोडं माहीत असतं ते व्हॉट्सअॅपवर दोन टोकांचं काहीतरी पाठवतात, एक म्हणतो हे भारतीयांनी संपूर्ण स्वतः शोधलेलं पहिलं विमान, दुसरा म्हणतो छे, ही अमेरिकन विमानाची कॉपी. दोन्ही चूक. खरी गोष्ट या दोन्हीपेक्षा चांगली आहे आणि तिच्यात आपल्या महाराष्ट्रातली माणसं आहेत, म्हणून ती नीट सांगायला पाहिजे.

सुरुवात अमेरिकेत ओहायोमधल्या सिनसिनाटी गावात होते. १९२८ साली तिथे एरोन्का नावाची कंपनी निघाली आणि १९२९ मधे त्यांनी सी-२ नावाचं एक सीटचं विमान उडवलं. त्याचं इंजिन फक्त २६ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, म्हणजे आज आपल्या एफसी रोडवर पोरं ज्या मोटारसायकली फिरवतात त्यातल्या काहींची ताकद त्याहून जास्त आहे. पोट असं फुगीर की लोक त्याला उडता बाथटब म्हणायचे. दिसायला काही सुंदर नव्हतं पण मुद्दा दिसण्याचा नव्हताच, साध्या माणसाला परवडेल असं विमान हा मुद्दा होता. मग दोन सीटचं सी-३ आलं, मग चीफ नावाचं आलं. १९३८ मधे या चीफपैकी एक लॉस एंजेलिसहून निघून वाटेत कुठे न उतरता न्यूयॉर्कला पोचलं, तीस तासांच्या वर हवेत होतं. पन्नास हॉर्सपॉवरच्या इंजिनावर. आमचे हेड मेकॅनिक, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ही गोष्ट प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचे आणि मग म्हणायचे, इंजिनाची सेवा केली की इंजिन तुम्हाला सोडत नाही.

दुसरं महायुद्ध संपत आल्यावर एरोन्काने जवळजवळ नव्याने सुरुवात केली. दोन विमानं काढली, एक चॅम्पियन, म्हणजे मॉडेल ७, आणि एक नवं चीफ, मॉडेल ११. हे दोघं सख्खे भाऊ. चॅम्पियनमधे दोघं एकामागे एक बसतात आणि दांडी हातात असते, चीफमधे शेजारी शेजारी बसतात आणि समोर गाडीसारखं अर्धं स्टिअरिंग. पण पंख, शेपटी, चाकांचं लँडिंग गिअर, इंजिनाचा भाग हे बरंचसं दोघांत सारखंच ठेवलं होतं, म्हणजे कारखान्यात एकाच लायनीवर काम चालावं. हे मला फार हुशारीचं वाटतं. दोघांनाही सुरुवातीला कॉन्टिनेंटलचं ६५ हॉर्सपॉवरचं इंजिन, मग चीफमधे ८५ चं आलं, आणि त्याच्या पुढचं मॉडेल म्हणजे सुपर चीफ. हे नाव लक्षात ठेवा.

चॅम्पियन हजारोंनी विकलं गेलं. अमेरिकेच्या आर्मीनेही घेतलं, तिथे त्याचं नाव एल-१६. पण युद्धानंतर सगळे लोक आता स्वतःचं विमान घेणार असा जो अंदाज होता तो एक-दोन वर्षांतच बसला, गिऱ्हाईकच येईना, आणि १९५१ मधे एरोन्काने छोटी विमानं बनवणं बंद केलं. चॅम्पियनचे हक्क १९५४ मधे दुसऱ्या एका कंपनीने घेतले आणि तो भाऊ पुढे खूप शिकला म्हणा ना. नाकाखाली चाकवालं मॉडेल निघालं, दोन इंजिनांचं लान्सर निघालं (त्यात चाकं फिक्स असूनही चाकं आत घ्यायची खोटी दांडी होती, शिकणाऱ्याला सवय लागावी म्हणून, हे मला फार आवडतं), आणि १९६४ मधे कसरतीचं सिटाब्रिया आलं. सिटाब्रियाचं इंग्रजी स्पेलिंग उलटीकडून वाचलं की एअरबॅटिक होतं. पुढे बेलांका, डेकॅथलॉन असं करत तो वंश अमेरिकेत आजपर्यंत चालू आहे.

दुसरा भाऊ, चीफ, आपल्याकडे आला.

इथे आपली माणसं येतात. बेंगळुरूमधे १९४० च्या डिसेंबरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी, म्हणजे आजची एचएएल, काढली ती वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन. वालचंद शेठ सोलापूरचे, आणि आपल्या जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे तेच वालचंद. वालचंदनगरच्या साखर कारखान्यामुळे त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे पण विमानाचा कारखाना त्यांनी काढला हे पुण्यात दहा जणांना विचारलं तर दोघांना माहीत असतं. १९४१ मधे तिथे हार्लो नावाचं अमेरिकन ट्रेनर, म्हणजे उडायला शिकवायचं विमान, जोडून उडवलं, ते तिथलं पहिलं. मग युद्धामुळे कारखाना सरकारकडे गेला.

आणि डिझाइनला होते डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले, जन्म १९०८ चा. जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. ज्यांना प्रांट्ल माहीत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच की पंखावरून हवा कशी वाहते हे आज जगात जे शिकवतात त्याचा पाया त्या माणसाने घातलाय. तिथून परत येऊन घाटगे बेंगळुरूला राहिले आणि त्यांच्या टीमने एचटी-२ बनवलं, १९५१ च्या ऑगस्टमधे पहिल्यांदा उडालं. आपण स्वतः डिझाइन केलेलं इंजिनवालं पहिलं विमान म्हणायचं तर ते हे. एअरफोर्समधे टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश ट्रेनरची जागा त्याने घेतली. म्हणजे व्हॉट्सअॅपवर पुष्पकला पहिलं भारतीय विमान म्हणतात ना, ते श्रेय एचटी-२ चं आहे, कृपा करून ज्याचं त्याला द्या.

मग पुष्पक का बनवलं? कारण एचटी-२ धातूचं, जड, १५५ हॉर्सपॉवरचं, मिलिटरीच्या हिशोबाचं. तेव्हा देशभर फ्लाइंग क्लब होते आणि त्यांच्याकडे युद्धातली टायगर मॉथ आणि तसलीच म्हातारी झालेली विमानं होती. क्लबाला पाहिजे स्वस्त, पेट्रोल कमी पिणारं, आणि गावातला मेकॅनिक गावातच दुरुस्त करू शकेल असं. अमेरिकेत चीफचं डिझाइन पडून होतं, ते एचएएलने घेतलं, सुपर चीफ धरून त्यात कॉन्टिनेंटलचं ९० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं, आणि २८ सप्टेंबर १९५८ ला पहिलं पुष्पक उडालं. कारखान्याचं नाव एचयूएल-२६. दीडशेच्या वर बनवली. एवढी विमानं क्लबांकडे गेली म्हणून साठ सत्तरच्या दशकात आपल्याकडे कितीतरी मुलं मुली उडायला शिकली आणि पुढे एअरलाईनमधे कॅप्टन झाली. तेव्हा कॉपी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की ज्या विमानाला त्याच्या स्वतःच्या देशाने सोडून दिलं ते आपण उचललं, आपल्या इथल्या हातांनी परत बनवलं आणि पुढे वीस-तीस वर्षं वापरलं, यात कमीपणा कुठे आला?

पुष्पकवरून पुढे कृषक काढलं. त्याच जातीचं पण मोठं, सव्वादोनशे हॉर्सपॉवरचं, १९५९ मधे पहिलं उडालं. नाव शेतकऱ्याचं पण गेलं ते आर्मीकडे, तोफखान्याला गोळे कुठे पडतायत ते वरून बघून सांगायला, आधी हे काम ऑस्टर नावाची विमानं करायची. सत्तरच्या दशकात चेतक चीता हेलिकॉप्टरं आल्यावर कृषक रिटायर झालं. खरं शेतीवर औषध फवारायचं विमान म्हणजे बसंत, ते १९७२ चं, आणि ते वेगळंच, पुष्पकच्या घरातलं नाही. लोक कृषक आणि बसंतमधे नेहमी गोंधळ करतात म्हणून सांगितलं.

आता माझं. मी मूळचा हडपसरचा. लहानपणी सासवड रोडच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने ओढलेलं ग्लायडर पतंगासारखं उभं वर जाताना बघत आम्ही पोरं तासन् तास तारेच्या कुंपणाला चिकटून असायचो, शाळा बुडवून. तिथूनच डोक्यात बसलं. आयटीआय झाल्यावर १९७४ मधे पुण्याबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात हेल्पर म्हणून लागलो. क्लबाकडे तीन पुष्पक होती, त्यातली दोन कायम चालू आणि तिसऱ्याचे पार्ट या दोघांना.

पुष्पकला स्टार्टर नाही. ते इंजिनच तसं, स्टार्टर आणि जनरेटर न बसवलेलं. म्हणजे एक माणूस पुढे उभा राहून हाताने प्रॉपेलर मारतो. अण्णांनी मला पहिल्यांदा शिकवलं तेव्हा आधी बोटातली अंगठी काढायला लावली, मग मफलर, मग शर्टाच्या बाह्या वर. चाकाला चॉक लावलेत का ते हाताने हलवून बघ. आतल्याला ओरडून विचार, स्विच ऑफ? तो म्हणाला ऑफ तरी मनात ऑन धर. पंख्याचं पातं हाताच्या तळव्याने दाबून फिरव, बोटं पुढच्या कडेवर गुंडाळू नको. चार वेळा फिरव म्हणजे पेट्रोल आत ओढलं जाईल. मग कॉन्टॅक्ट म्हण, म्हणजे आतला स्विच ऑन करेल, एका झटक्यात खाली ओढ आणि त्याच झटक्यात पाय मागे घे. हिवाळ्यात सकाळी सहाला पातं असं गार असायचं की तळवा बधिर व्हायचा, आणि मग एकदम फट् करून एक सिलिंडर पेटायचा, मग दुसरा, आणि सगळं विमान अंग झाडल्यासारखं थरथरायचं.

तिसऱ्या महिन्यात इंजिन गरम असताना आतला शिकाऊ ऑफ म्हणाला आणि स्विच ऑन होता. मी नुसतं पातं सरळ करायला हात लावला आणि ते उसळलं. माझा उजवा हात मधे नव्हता एवढंच. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी त्या मुलाला खाली उतरवून माझ्या जागी उभं केलं आणि पात्यापासून माझं डोकं किती लांब होतं ते वीतेने मोजून दाखवलं. एक वीत आणि चार बोटं.

पण माझं खरं काम कापडाचं. पुष्पकचं कापड काही वर्षांनी बदलावं लागतं, उन्हाने ते मरतं, वरून चांगलं दिसलं तरी अंगठ्याने दाबलं की कळतं. जुनं फाडून काढायचं, पाइप घासून गंज बघायचा, नवं कापड पिशवीसारखं शिवून चढवायचं. मग पंखात मेण लावलेला दोरा लांब सुईने वरून खाली, खालून वर असा प्रत्येक रिबला, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळीला, बांधत जायचं, ठराविक अंतरावर एकेक गाठ, त्याला रिब स्टिचिंग म्हणतात. वरती एक जण आणि खाली एक जण, सुई कुठून येणार ते ओरडून सांगायचं. मग डोप, म्हणजे कापडावर द्यायचा वार्निशसारखा लेप. डोप लावला की कापड आवळतं, सैल पडलेलं कापड रात्रीत ढोलकीच्या पुडीसारखं होतं, बोटाने टिचकी मारली की आवाज येतो. डोपचे हात एकावर एक, मधे सँडपेपर, आणि शेवटी अॅल्युमिनियमची पूड घातलेला चंदेरी हात, तो उन्हापासून वाचवतो. त्याचा वास असा डोक्यात जायचा की संध्याकाळी जेवण कडू लागायचं. माझ्या आईला तो वास शेवटपर्यंत आवडला नाही, कपडे दारातच काढायला लावायची.

पहिल्यांदा मी पूर्ण पंख एकट्याने शिवला त्या विमानाच्या टेस्ट फ्लाइटला इन्स्ट्रक्टर साहेबांनी मला शेजारी बसवलं. म्हणाले तू शिवलंयस तर तू पण चल. उन्हाळ्याची दुपार, पुष्पक दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन गरम हवेत लवकर उठत नाही, धावपट्टीचा शेवट जवळ यायला लागला तरी चाकं खालीच, आणि मग शेपटी हलकी झाली, खडखडाट थांबला. वर गेल्यावर मी खाली उसाचे मळे नदी काही बघितलं नाही. मी सगळा वेळ पंखाकडे बघत होतो, कापड रिबच्या मधे किंचित वर फुगलेलं आणि माझ्या गाठींची ओळ टेपखाली सरळ. वरच्या हवेत पंखाचं कापड वर ओढलं जातं, हे अण्णांनी सांगितलं होतं, ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. त्या गाठींवर आपण दोघं लटकतोय हे कळलं.

म्हणून तुमचा फोटो बघून जीव कळवळला. फोटोत कुठली जागा ते मी ओळखलं, नाव लिहीत नाही. सोमवारी तिथे फोन केला तर पलीकडून सांगितलं की ते जुनं विमान वाटेत येतंय, भंगारवाल्याशी बोलणं चालू आहे. मी म्हटलं अहो ते पुष्पक आहे, तर ते म्हणाले हो का, आम्हाला सेसना सांगितलंय. म्हणजे नाव चुकलं की काय होतं बघा. परदेशी कंपनीची जुनी गाडी समजून लोक भंगारात घालतात, आपल्या कारखान्यातली म्हणून कळलं तर निदान एकदा थांबतील असं मला वाटतं.

माझी मागणी मोठी नाही. एक, आपण चूक दुरुस्ती छापावी, त्यात पुष्पक आणि एचएएल हे दोन शब्द असावेत. दुसरं, त्या संस्थेने विमान विकायच्या आधी आत बघावं, कंपनीची धातूची पाटी असते, त्यावर नंबर असतो, तो पुसू देऊ नये. तिसरं, उघड्यावर ठेवू नका, चार पत्रे टाका, बाकी काही नको. पाइपच्या आत पाणी गेलं की आतून गंजतं आणि बाहेरून कळत नाही. ते कुत्रं जिथे झोपलंय तिथे चाकाजवळचा पाइप आधी बघा, पाणी उतरून तिथेच साचतं.

कापड मी चढवून देतो. वय ७० झालंय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण रिब स्टिचिंगची गाठ हाताला अजून येते, काल सुतळीवर करून बघितली. लांब सुई माझ्याकडे आहे, अण्णांनी दिलेली. खालून सुई परत पाठवायला एक जण लागेल, पुण्यात इंजिनीअरिंगची एवढी कॉलेजं आहेत, दोन तीन मुलं मुली आल्या तर शिकवीन. शनिवार रविवार मी मोकळा असतो. माझा पत्ता आणि फोन नंबर आपल्या कार्यालयाला वेगळा कळवला आहे, तो छापू नये, पण त्या संस्थेतून कोणी विचारलं तर जरूर द्यावा.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक
हडपसर, पुणे